खुपऱ्या गेल्या, हे ठरतं कसं?

ऑक्टोबर 2024मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचं, म्हणजे ट्रॅकोमाचं, भारतातून निर्मूलन झालं आहे. संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागात नेपाळ आणि म्यानमारनंतर आपण तिसरे. 1963 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासूनच्या कष्टांचं हे फळ आहे. पण ‘निर्मूलन’ हा शब्द ऐकला की लोक त्याचा भलताच अर्थ घेतात, आणि औषधं वाटून झाल्यावर वर्षानुवर्षं चालणारी मोजणी कुणाच्या लक्षातच येत नाही.

गैरसमज : निर्मूलन झालं म्हणजे आता एकही रुग्ण नाही.

देवीच्या बाबतीत ते खरं होतं. खुपऱ्यांची कसोटी वेगळी आहे. 1 ते 9 वर्षांच्या मुलांत सक्रिय आजार 5 टक्क्यांच्या खाली हवा. 15 वर्षांवरच्या लोकांत पापणीचे केस आत वळून डोळ्याला घासण्याचं प्रमाण 0.2 टक्क्यांच्या खाली हवं, आणि यात आरोग्य यंत्रणेला आधी माहीत नसलेलेच रुग्ण धरायचे. शिवाय पुढे सापडतील त्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्याची सोय तयार असली पाहिजे.

शून्याचा आग्रह का नाही? कारण एका संसर्गाने कुणाची दृष्टी जात नाही. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जिवाणूचा संसर्ग लहानपणी पुन्हा पुन्हा होतो, पापणीच्या आतल्या बाजूला व्रण साठतात, पापणी आकसून आत वळते आणि दर उघडझापीला केस बुबुळावर घासतात. संसर्ग पुरेसा विरळ झाला की ही साखळी तुटते.

गैरसमज : दवाखान्यातल्या नोंदी पाहिल्या की प्रमाण कळतं.

खुपऱ्या झालेली कितीतरी मुलं तक्रारच करत नाहीत. डोळा थोडा लाल, थोडी चिपडं. एवढ्यावर कोण दवाखाना गाठतो? शाळेत तपासणी करावी तर सगळ्यांत जास्त बाधा असते ती शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांना. म्हणून घरोघर जावं लागतं. साधारण एक ते अडीच लाख वस्तीचा भाग एक घटक धरतात, त्यातली गावं किंवा पाडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात आणि त्यातली घरंही तशीच. सोयीचं, रस्त्यालगतचं गाव निवडलं की आकडा खोटा पडतो.

मग खरी तपासणी. तपासनीस भिंग लावतो, मुलाची वरची पापणी उलटी करतो आणि तिच्या मधल्या भागातले पांढुरके दाणे पाहतो. किमान अर्ध्या मिलिमीटरचे पाच दाणे दिसले तरच सक्रिय आजार. चार दिसले तर नाही. दोन्ही डोळे पाहायचे आणि पुढच्या मुलाला हात लावण्याआधी हात स्वच्छ करायचे, नाहीतर तपासनीसच रोग पसरवायचा. चार आणि पाच दाण्यांतला फरक रडणाऱ्या, मान फिरवणाऱ्या दोन वर्षांच्या पोराच्या डोळ्यात ओळखायचा असतो. त्यामुळे तपासनिसाचं निदान अनुभवी तज्ज्ञाच्या निदानाशी जुळतं का, याची आधी परीक्षा होते. जो नापास होतो तो सर्वेक्षणाला जात नाही. या कामाला मी तरी कारकुनी म्हणणार नाही.

गैरसमज : औषध दिल्यावर लगेच मोजलं की झालं.

ॲझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेने जिवाणू मरतो, पण दाणे विरायला महिने लागतात. उलट, काही घरांत जिवाणू उरला असेल तर तो पुन्हा पसरायलाही वेळ लागतो. म्हणून शेवटच्या वाटपानंतर किमान सहा महिने थांबून पहिलं सर्वेक्षण करतात. आकडा 5 टक्क्यांखाली असेल तर सामूहिक वाटप बंद करायचं आणि दोन वर्षांनी पुन्हा मोजायचं. औषधाचा आधार काढल्यावर रोग डोकं वर काढतो का, हे त्या दुसऱ्या मोजणीतच कळतं.

कार निकोबार बेटाचं उदाहरण बोलकं आहे. 2010 साली तिथल्या जवळपास निम्म्या मुलांना सक्रिय खुपऱ्या असल्याचं आढळलं. मग सगळ्या बेटवासीयांना तीन वर्षं, दर वर्षी एकदा ॲझिथ्रोमायसिन दिलं. 2013च्या सर्वेक्षणात प्रमाण 7 टक्क्यांच्या आत आलं. घट प्रचंड होती, तरी 5ची रेषा ओलांडायची राहिलीच होती. मोजलंच नसतं तर ‘बेट बरं झालं’ असं म्हणून सगळे मोकळे झाले असते. देशाच्या सरासरीत तर असं बेट दिसतच नाही: 2014 ते 2017च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मुलांतलं एकूण प्रमाण 0.7 टक्के निघालं होतं. म्हणूनच कसोटी देशाच्या सरासरीला न लावता प्रत्येक बाधित भागाला स्वतंत्रपणे लावतात.

गैरसमज : गोळ्यांनीच रोग जातो.

युरोपातून खुपऱ्या बऱ्याच अंशी हटल्या त्या प्रतिजैविकं येण्याआधी, राहणीमान सुधारलं तशा. शस्त्रक्रिया आणि औषधांच्या जोडीला चेहऱ्याची स्वच्छता, पाणी आणि संडास हे म्हणूनच कार्यक्रमाचे भाग आहेत.

गैरसमज : मुलं बरी झाली, म्हणजे काम संपलं.

आज पन्नाशी-साठीत असलेल्यांच्या पापण्यांवर त्यांच्या बालपणीचे व्रण आहेत. मुलांत आजार नाहीसा झाल्यावरही त्यांच्या पापण्या आत वळत राहतात. यात बायकांचं प्रमाण बरंच जास्त, कारण लहान मुलांचं सगळं त्यांच्याच हातून होतं आणि संसर्गही त्यांनाच होत राहतो. 2017मध्येच मुलांपुरती लढाई जिंकल्याचं सरकारने जाहीर केलं होतं, तरी पुढे 2021 ते 2024 या काळात पूर्वी बाधित असलेल्या 200 जिल्ह्यांत फक्त वळलेल्या पापण्या शोधणारं वेगळं सर्वेक्षण करावं लागलं, ते यासाठीच.

अशा सर्वेक्षणात एक बारकावा असतो. कितीतरी बायका टोचणारे केस चिमट्याने उपटून टाकतात, त्यामुळे तपासणीच्या दिवशी पापणी साफ दिसते. म्हणून केस उपटल्याच्या खुणा दिसल्या तरी तो रुग्णच धरायचा असा नियम आहे. उपटलेले केस पुन्हा उगवतात आणि बुबुळाला ओरखडे पडत राहतात. तुमच्या घरातली किंवा शेजारची आजी चिमटा जवळ ठेवून असे केस काढत असेल, तर तिला सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात घेऊन जा. पापणीची शस्त्रक्रिया छोटी असते, भूल तेवढ्या जागेपुरतीच देतात. पुढे काही जणींच्या पापण्या पुन्हा वळतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही डोळे तपासून घेत राहावं लागतं.