शार्कचा एक चावा आणि पस्तीस लाख डॉलर

जून 2023 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील मोरहेड सिटीच्या धक्क्यावर 'सेन्सेशन' या नौकेने 619.4 पौंड वजनाचा निळा मार्लिन आणला. 'बिग रॉक ब्लू मार्लिन' स्पर्धेचा तो अखेरचा दिवस होता. सहा तासांहून अधिक काळ चाललेली झुंज यशस्वी झाली होती आणि सुमारे 35 लाख डॉलरचे बक्षीस दृष्टिपथात आले होते. मात्र माशाच्या अंगावर शार्कने घेतलेला चावा आढळला आणि परीक्षकांनी तो बाद ठरवला. नौकेची हरकतही फेटाळली गेली. विजेतेपद 484.5 पौंडांचा मार्लिन आणणाऱ्या 'सुशी' या नौकेकडे गेले.

कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला हा निर्णय विचित्र वाटेल. मासा नौकेवर आला, वजनही सर्वाधिक भरले. मग उणे काय राहिले? उत्तर या खेळाच्या व्याख्येत आहे. 1939 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेच्या नियमांनुसार झुंज एक माणूस आणि एक मासा यांच्यातच झाली पाहिजे. गळाला मासा लागल्यावर दुसऱ्या कोणी दांड्याला हात लावला, तर मासा बाद. शार्कने लचका तोडला, तरीही बाद. कारण मग माशाला कोणी थकवले, माणसाने की शार्कने, हे सांगता येत नाही. नियम कठोर आहे, पण तो सैल केला तर उरते ती केवळ मासेमारी.

हा खेळ या किनाऱ्यावर रंगण्याचे कारण म्हणजे गल्फ स्ट्रीम. दक्षिणेकडून येणारा हा उष्ण प्रवाह केप हॅटेरसच्या परिसरात किनाऱ्याच्या बराच जवळून वाहतो. किनाऱ्यालगतचे हिरवट, थंड पाणी आणि प्रवाहाचे गडद निळे पाणी जिथे भिडते, तिथे काही अंशांच्या तापमानफरकाची जणू भिंतच उभी राहते. तिच्या कडेने सारगॅसम या तपकिरी समुद्री शेवाळाचे लांबच लांब पट्टे साचतात. शेवाळाच्या सावलीत लहान मासे आश्रय घेतात, त्यांच्यामागे माही-माही येतात आणि त्यांच्याही मागे मार्लिन. (माही-माहीला इथले मच्छीमार 'डॉल्फिन' म्हणतात, सस्तन डॉल्फिनशी त्याचा काही संबंध नाही.) मे महिन्यात पिवळ्या परांचा कुपा, म्हणजेच यलोफिन टुना, आणि सुरमईच्याच कुळातला वाहू मिळू लागतो, जूनमध्ये मार्लिनचा हंगाम बहरात येतो.

रॅली किंवा कॅरी येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा किनारा मोटारीने साधारण तीन तासांवर आहे. चार्टर नौका पहाटे सुटते आणि दुपार कलल्यावर परतते. लहान नौकांवर बहुधा सहाच प्रवासी घेता येतात. दिवसाचे भाडे सहज दोन हजार डॉलरच्या पुढे जाते. खलाशाची 15 ते 20 टक्के बक्षिसी वेगळी, आणि त्याच्या कमाईचा मोठा भाग तीच असते. दांडे, गळ, आमिष सारे नौकेचेच असते. खरे तर भाडे मोजले जाते ते कप्तानाच्या नजरेसाठी. पाण्याचा रंग कुठे बदलतो, पक्षी कुठे घिरट्या घालतात, शेवाळाचा पट्टा तुटलेला आहे की सलग, यावरून तो दिशा ठरवतो. दोन्ही बाजूंना पसरलेल्या लांब काठ्यांवरून दोर सोडले जातात आणि नौका तासन्‌तास संथ गतीने आमिषे ओढत राहते. बहुतेक वेळ काहीही घडत नाही. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी औषध आदल्या रात्रीच घेणे शहाणपणाचे. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी सहसा उपयोगी पडत नाही.

मार्लिनच्या बाबतीत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. या जातीचा नर सहसा 160 किलोंच्या पलीकडे वाढत नाही. म्हणजे तराजूवर चढणारा प्रत्येक महाकाय मासा ही जवळजवळ निश्चितपणे अंडी देणारी मादी असते. अमेरिकेच्या अटलांटिक पाण्यात हौशी मच्छीमारांनी वर्षभरात उतरवायच्या मार्लिनवर बंधन आहे: निळे, पांढरे आणि त्यांच्या जवळची एक जात मिळून अवघे 250 मासे. 99 इंचांहून लहान निळा मार्लिन ठेवता येत नाही आणि कोणताही विकता येत नाही. स्पर्धांमध्ये नैसर्गिक आमिषासोबत वर्तुळाकार गळ सक्तीचा आहे. तो आतड्यात न रुतता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, त्यामुळे सोडलेला मासा जगण्याची शक्यता वाढते. आज बहुसंख्य मार्लिन नौकेशेजारूनच सोडले जातात.

टुनाचे नियम वेगळे आहेत. यलोफिन किमान 27 इंचांचा हवा आणि माणशी दिवसाला तीनच ठेवता येतात. धक्क्यावर तो कापून मिळतो. परतीच्या तीन तासांसाठी बर्फाने भरलेली पेटी मात्र घरूनच न्यावी. जूनच्या उन्हात टुना फार लवकर बिघडतो.