ब्रेक आवळण्याआधी बाण बघा

आज बोलू या आपल्या स्कूटीच्या ब्रेकबद्दल. दुधाची किटली, पापडांची पोती, पोरांची शाळा, दवाखाना, बँक, सगळं ती ओढते. ती सुरू झाली नाही तर आपण लगेच गॅरेजला नेतो. पण ब्रेक सैल झाला तर म्हणतो, "जरा आवळून घेतला की झालं."

मीही तेच करायची. नट आवळला की ब्रेक लागायचा, पंधरा दिवसांनी पुन्हा सैल व्हायचा. एकदा मुलीला मागे बसवून शाळेच्या उतारावरून येत होते. पुढे म्हैस आडवी आली. लिव्हर मुठीपर्यंत दाबला तरी गाडी थांबेना. रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात घातली म्हणून दोघी वाचलो. मेकॅनिकने चाक उघडलं, तर आतले ब्रेक शू पार झिजलेले. नट आवळून आवळून मी ती झीज झाकत होते.

असं का होतं ते समजून घेऊ. बहुतेक स्कूटींना ड्रम ब्रेक असतो. चाकाच्या मध्यभागी लोखंडी डब्यासारखा ड्रम असतो आणि त्यात अर्धचंद्राच्या आकाराचे दोन ब्रेक शू. आपण लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, चाकाजवळची छोटी दांडी फिरते आणि आतले शू फाकून ड्रमला घासतात. त्या घासण्याने चाक थांबतं. शू झिजले की त्यांना ड्रमपर्यंत पोचायला जास्त फाकावं लागतं. म्हणून लिव्हर जास्त आत जातो. नट आवळल्याने केबलचा ढिलेपणा जातो, झिजलेला शू काही परत जाड होत नाही.

मग शू किती उरलेत हे चाक न उघडता कसं कळेल? बहुतेक गाड्यांत त्या दांडीपाशी एक छोटा बाण असतो आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण असते. चिखल पुसला की दिसतात. एकीने लिव्हर पूर्ण दाबून धरायचा, दुसरीने बघायचं. बाण खुणेपर्यंत पोचला, तर शू संपले. नट कितीही आवळा, बाण खोटं बोलत नाही. मग गाडी चालवायची नाही, आधी शू बदलायचे.

बाण खुणेच्या अलीकडे असेल, तर मागचा ब्रेक घरी आवळता येतो. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, किल्ली काढून घ्या. नुकतीच चालवली असेल तर ड्रम थंड होऊ द्या. मागच्या ब्रेकची केबल चाकाजवळ जिथे संपते, तिथे नट दिसेल. त्याला नीट बसणाराच पाना घ्या, पकडीने नटाच्या कडा जातात. एका वेळी अर्धाच फेरा द्या. लिव्हरच्या टोकाशी साधारण १ ते २ सेंटिमीटर मोकळी चाल राहिली पाहिजे. मग मागचं चाक हाताने फिरवून बघा. ते मोकळं फिरायला हवं. घासत असेल तर नट जास्त आवळला गेला आहे. तशीच चालवली तर ड्रम तापतो, शू लवकर झिजतात आणि पेट्रोलही जास्त लागतं. शेवटी मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक तपासा, मगच रस्त्यावर या.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्र लागणारे ब्रेक किंवा एबीएस सक्तीचे झाले. एकत्र ब्रेकच्या स्कूटीत डावा लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. त्याचं पुढचं काम मेकॅनिककडेच द्या. डिस्क ब्रेकचंही तसंच. आपण फक्त हँडलजवळच्या छोट्या काचेतून तेलाची पातळी बघायची. ती खालच्या खुणेच्या खाली गेली, तर पॅड झिजलेत किंवा तेल गळतंय. दोन्हीला गॅरेजच हवं.

शू बदलताना जोडीनेच बदला आणि जुने मागून घेऊन बघा. शूला तेल किंवा ग्रीस लागता कामा नये, ब्रेक घसरतो. आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून आलात, तर ब्रेक थोडा वेळ कमी लागतो. हळू चालवत दोन-चार वेळा हलका दाबा, पाणी निघून जातं. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका. इंजिनचा आधार गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही.

माझं एक सांगणं आहे. गटाच्या पैशातून एक पाना घ्या. महिन्याच्या बैठकीला वही उघडण्याआधी अंगणात उभ्या गाड्यांचे बाण बघा. एकीने लिव्हर दाबायचा, दुसरीने वाकून बघायचं. एका गाडीला दोन मिनिटंही लागत नाहीत.

येते मी. गाडी सावकाश चालवा.