गाणारा अभ्यासक : डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११)

गजाननबुवा जोशी यांच्यासह अनेक गुरूंकडे गायनाची तालीम. सोबतीला कायदा आणि साहित्याचे शिक्षण.

• विद्यापीठ : १९६८ पासून मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक. पुढे ‘एनसीपीए’त (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) संशोधन.

• रंगमंच : ‘देवगाणी’, ‘बैठकीची लावणी’ हे गाजलेले कार्यक्रम. व्याख्यानात मुद्दा पटवायचा तर ते स्वतः गाऊन दाखवत.

• माध्यमे : हिंदी चित्रपटगीतांवर इंग्रजी ग्रंथ, २००६.

रानडे संगीतशास्त्र आणि संस्कृतिसंगीतशास्त्र या दोन्हींचे अभ्यासक. या दोहोंत फरक काय? संगीतशास्त्र राग, ताल, रचना तपासते. संस्कृतिसंगीतशास्त्र त्याच गाण्याला आणखी विचारते : कोण गाते, कुठे, कोणासाठी? ओवी, आरती, चित्रपटगीत, सगळेच त्याच्या कक्षेत येते.