रानांत छापलेला रुपया

हिंदुस्थानचा चांदीचा रुपया एके काळीं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सर्रास चालत असे. मुंबई व कच्छकडील व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो तेथें गेला आणि इतका रुजला कीं, आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर जर्मनांनीं ठाण मांडलें, तेव्हां त्यांनाहि आपला मार्क तेथें चालवितां आला नाहीं. १८९० पासून त्यांनीं तेवढ्याच तोलाचा स्वतःचा रुपया पाडला. १९०४ सालीं त्याचे शंभर हेलर केले, एवढाच काय तो फरक.

१९०५ सालच्या त्यांच्या नोटा मोठ्या रुबाबदार आहेत. पांच रुपयांच्या नोटेवर सिंहाचें जोडपें, दहांच्या नोटेवर दारेसलामचें बंदर, पन्नास व शंभरांच्या नोटांवर खुद्द कैसर! परंतु जाणत्या संग्राहकाचें मन या थाटांत फार काळ रमत नाहीं. त्याची खरी ओढ असते ती पहिल्या महायुद्धांतील कळकट कागदांकडे.

१९१४ सालीं युद्ध पेटलें आणि इंग्रजी आरमारानें किनारा अडविला. जर्मनीहून नाणीं येईनात, नोटा येईनात. फौजेचा पगार थांबवून तर भागत नव्हतें. तेव्हां १९१५ पासून वसाहतींतच ‘तात्पुरत्या’ नोटा छापण्यांत येऊं लागल्या. कागद मिळेल तो, सह्या मात्र हातच्या. वसाहतींतील आपल्या कचेऱ्यांत नोट आणून देणाऱ्यास, तो कोण हें न विचारतां, पैसे देण्याचें वचन बँकेनें त्यांवर छापलें होतें. १९१६ सालीं टाबोरा येथील रेल्वेच्या कारखान्यांत पंधरा रुपयांचें सोन्याचें नाणेंहि पाडलें गेलें. त्यावर हत्ती आहे. पण त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत दारेसलाम व टाबोरा हीं दोन्ही शहरें हातचीं गेलीं आणि फौज दक्षिणेकडील रानांत हटली. १ जुलै १९१७ ही तारीख असलेल्या एक रुपयाच्या नोटा या रानांतल्या काळाच्या. रबरी अक्षरें जुळवून त्यांचे ठसे हातानें उमटविलेले. ही नोट ज्याच्या हातीं पडली, त्यानें ती घेऊन कोणत्या कचेरीचा दरवाजा ठोठवावा?

एक रुपयाच्या युद्धकालीन नोटा पुष्कळ शिल्लक असल्यामुळें त्या बेताच्या किंमतींतहि मिळतात. सोन्याच्या हत्तीचें तसें नाहीं. कागदाचा पोत, मालिकेचें अक्षर, सहीचें वळण यांतले भेद शोधण्यांतच या संग्रहाची गोडी. नवखा मनुष्य हौसेनें नोट धुतो, इस्त्री करतो, आणि तिची किंमत घालवून बसतो!

युद्धानंतर इंग्रजी अमलांत १९२० सालीं फ्लोरिन आला व लवकरच शिलिंग. शेजारच्या झांझिबार बेटांत मात्र रुपया १९३५ च्या अखेरपर्यंत चालला. तेथील १९०८ सालच्या नोटांवर शिडाचें गलबत आहे.