शालेय सहल आणि सेर्नची प्रयोगशाळा

सहल म्हटली की गड, लेणी किंवा एखादे धरण डोळ्यांपुढे उभे राहते. युरोपातील अनेक माध्यमिक शाळांचे विद्यार्थी मात्र आपल्या शिक्षकांसह जिनीव्हाजवळील सेर्न या संशोधनकेंद्रास भेट देतात. ही संस्था १९५४ साली स्थापन झाली. तेथे जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल, २७ किलोमीटर परिघाचा वर्तुळाकार बोगदा आहे. यंत्र चालू असता त्यातून प्रोटॉनांचे दोन झोत परस्परविरुद्ध दिशांनी सेकंदाला अकरा हजारांहून अधिक फेऱ्या घालतात. त्यांना वळविणारे चुंबक उणे २७१ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागतात. कारण त्या तपमानात त्यांच्या तारांचा विद्युत्‌रोध नाहीसा होतो.

परंतु झोत फिरत असताना बोगद्यात कोणासही प्रवेश नसतो. मग एवढ्या प्रवासाने विद्यार्थ्यांच्या पदरी काय पडते?

पाठ्यपुस्तकात निष्कर्ष असतो. येथे त्या निष्कर्षाप्रत नेणारी वाट दिसते. ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेला हिग्ज कण कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो जन्मताच विघटित होतो. मागे उरलेल्या कणांच्या खुणा दोन स्वतंत्र गटांनी, दोन वेगळ्या उपकरणांनी मोजल्या. दोघांची उत्तरे जुळली, तेव्हाच त्या शोधाची घोषणा झाली. विज्ञानात विश्वास कसा कमवावा लागतो, हे यावरून उमगते.

असा प्रवास बहुसंख्य भारतीय विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे खरे. २०१७ पासून भारत सेर्नचा सहयोगी सदस्य आहे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तेथील एका शोधक उपकरणाच्या उभारणीत भाग घेतला आहे. तरीही शाळेला तेथवर पोहोचणे अवघडच. सुदैवाने, या भेटीचे सार शाळेतही मिळू शकते. सेर्नच्या कार्यशाळांत विद्यार्थ्यांनी स्वहस्ते बाष्पकोठी बनविली आहे, आणि तिची कृती संस्थेने प्रसिद्धही केली आहे. बंद पारदर्शक पेटीच्या वरच्या भागात मद्यार्काने भिजविलेला नमदा, तळाशी काळा पत्रा आणि त्याखाली शुष्क बर्फ, एवढेच साहित्य. हातमोजे, खेळती हवा आणि शिक्षकांची देखरेख मात्र हवीच. विश्वकिरणांतील विद्युत्‌भारित कण अतिसंपृक्त वाफेतून जाताना सूक्ष्म थेंबांची पांढरी रेघ उमटवितात.

हे किरण जिनीव्हावर पडतात, तसेच साताऱ्यावर आणि सोलापुरावरही. ती रेघ पाहून ‘ही कशामुळे उमटली?’ असे विद्यार्थ्याने विचारले, की सहलीचा हेतू वर्गातच साधला.