प्रतिनिर्देश, एक्सएमएल संकेतनातील

ग्रंथातील एका स्थळावरून दुसऱ्या संबंधित स्थळाकडे वाचकास नेणारी सूचना म्हणजे प्रतिनिर्देश होय. मुद्रित ग्रंथात ती पृष्ठांकाने, प्रकरणाच्या क्रमांकाने किंवा मराठी विश्वकोशातल्याप्रमाणे कंसातील बाणाने दिली जाते [⟶ मुद्रण]. नव्या आवृत्तीत मध्येच एखादे प्रकरण घातले की, हाताने लिहिलेले क्रमांक चुकतात आणि वाचक नकळत भलत्याच पानावर जातो. एक्सएमएल (१९९८) ह्या संगणकीय संकेतनपद्धतीत स्थळाला क्रमांकाऐवजी नाव देऊन हा दोष टाळता येतो.

मानव्यविद्यांतील संहितांच्या संकेतनासाठी १९८७ मध्ये ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ (टीईआय) हा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्याचा मार्गदर्शक ग्रंथ टीईआयच्याच संकेतनात लिहिला जातो. त्यातील प्रकरणांना व विभागांना ‘एक्सएमएल-आयडी’ ह्या गुणधर्माने नावे दिलेली आहेत. असे नाव त्या दस्तऐवजात एकमेव असावे लागते व त्यात मोकळी जागा चालत नाही; देवनागरी अक्षरे मात्र चालतात. ‘प्रकरण-५’ असे नाव नियमात बसले, तरी प्रकरण हलताच ते फसवे ठरते.

निर्देश करण्यासाठी दोन घटक आहेत. ‘रेफ’ ह्या घटकात वाचकाला दिसणारे शब्द लेखक स्वतः लिहितो. ‘पीटीआर’ हा रिक्त घटक असून त्याच्या जागी विभागाचा त्या वेळचा क्रमांक व शीर्षक संगणक भरतो. तांत्रिक ग्रंथास दुसरा प्रकार अधिक सुरक्षित होय. कारण ‘रेफ’मध्ये लिहिलेले ‘पुढील प्रकरणात’ हे शब्द क्रम बदलल्यावर खोटे ठरतात. तथापि मराठीत एक अडचण उद्‌भवते. संगणकाने भरलेल्या शीर्षकाचे सामान्यरूप आपोआप होत नाही. ‘कोशरचनेत’ हवे तेथे ‘कोशरचना’ एवढेच येते. त्यामुळे शीर्षकास विभक्तिप्रत्यय लागणार नाही अशी, ‘पहा’सारखी, वाक्यरचना करणे इष्ट.

टीईआयच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत (२००२) दस्तऐवजांतर्गत निर्देशातील नाव खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हे वैधतेच्या तपासणीतच कळत असे. बाह्य दस्तऐवजांसाठी वेगळे घटक होते. पाचव्या आवृत्तीपासून (२००७) दोन्हींसाठी जालपत्त्याची एकच पद्धत आली; दस्तऐवजांतर्गत निर्देशात नावापूर्वी ‘#’ हे चिन्ह येते. ह्या सोयीची किंमत अशी की, नेहमीच्या तपासणीत पत्त्याची केवळ घडण पाहिली जाते. विभाग वगळला, तरी त्याकडे नेणारा निर्देश निराधार अवस्थेत तसाच राहतो व दस्तऐवज वैध ठरतो. त्यासाठी प्रत्येक बदलानंतर सर्व निर्देशांची नावांशी पडताळणी करणारा स्वतंत्र नियमसंच वा आज्ञावली चालवावी लागते. अन्य ग्रंथांतून झालेले निर्देश अशा पडताळणीतही सापडत नाहीत. म्हणून एकदा प्रसिद्ध झालेले नाव सहसा बदलत नाहीत.