न आलेल्या मुलाचा शोध

मुलांची काळजी घेणाऱ्या सेवाभावी संस्थेची वाढ बहुतेक वेळा केंद्रांच्या संख्येवर मोजली जाते. दहा बालवाड्यांच्या वीस झाल्या की संस्था वाढली, असे अहवालात लिहिले जाते. डहाणू तालुक्यात नूतन बाल शिक्षण संघाने पुढची सगळी दिशा वेगळ्याच प्रश्नावर ठरवली. जे मूल आले नाही ते का आले नाही, हा तो प्रश्न. जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावात आज पाळणाघराचा विचार करायचा तरी याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

संघाची स्थापना १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला केली. मुंबईत दादरला त्यांचे शिशुविहार १९३६ मध्ये सुरू झाले. शहरातल्या मध्यमवर्गाला माँटेसरी पद्धत पटली, तिथे पालक फी देत होते आणि काम सुरळीत चालले होते. त्याच वाटेने आणखी शाखा काढणे संघाला सोपे होते. तरी १९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. पुण्याच्या हुजूरपागा शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध एकजूट केली होती. ज्या मुलांपर्यंत बालवाडी न्यायची होती, त्यांच्या आईबापांचे जगणे असे होते.

बोर्डीत पहिला अडसर खर्चाचा आला. माँटेसरीची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, गावच्या सुताराने घडवलेले लाकूड आले. यात पैसे वाचले हे खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की एखादे साधन हरवले किंवा मोडले तर दुसरे परिसरातच मिळत होते. संस्था देणगीदारावर अवलंबून राहण्याचे एक कारण त्यामुळे कायमचे गेले. आजच्या अनेक संस्थांच्या अंदाजपत्रकात हा हिशेब दिसत नाही.

दुसरा अडसर अधिक अवघड होता. बालवाडी उघडली, तरी वस्त्यांवरची मुले तिथवर येत नव्हती. मग सेविकाच वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून तिथे मुले जमवायची, त्यांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी आणि खेळ घ्यायचे. अंगणवाडी अशी उभी राहिली. यासाठी इमारत लागत नव्हती, भाडे लागत नव्हते. लागत होती ती वस्तीवर रोज जाणारी, मुलांना नावाने ओळखणारी बाई. म्हणून संघाने भिंतींपेक्षा प्रशिक्षणावर जास्त भर दिला. वाढीच्या नियोजनातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे तिसरा अडसर समोर आला. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते; आई मजुरीला गेलेली असते. मुलगी गैरहजर, बाळही बालवाडीबाहेर. तिथल्या ‘विकासवाडी’ या प्रयोगाने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताईने बाळ पाळणाघरात ठेवायचे आणि शेजारच्या वर्गात बसायचे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली. ‘कुरणशाळा’ म्हणून तिचे आजही कौतुक होते. पण तीन वयोगटांच्या त्या एका आवाराकडे द्यावे तितके लक्ष दिले गेले नाही. बाळ सांभाळले गेल्याशिवाय मोठी मुलगी शिकत नाही, हे तिथे वेळापत्रकातच बसवले होते.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. धुरा अनुताईंनी उचलली. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्यासोबत त्यांनी ‘ग्राममंगल’ ही वेगळी संस्था सुरू केली. जुन्या संस्थेवर नवा भार टाकण्याऐवजी नव्या कामाला नवी संस्था देणे हाही विस्ताराचा एक प्रकार आहे, आणि त्याचा विचार फार कमी केला जातो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यातून अंगणवाडी सरकारी झाली, पुढे देशभर पसरली. पोषण आणि लसीकरण यांत तिचे मोल मोठे आहे. मात्र तीन ते सहा वर्षांची मुले तिथे काही तास बसतात, तर तीन वर्षांखालच्यांसाठी घरपोच आहार दिला जातो. बाळ दिवसभर सांभाळणारे कुणी नाही. कोसबाडने सोडवलेला पेच योजनेत तसाच राहिला.

जालना जिल्ह्यात हा पेच ऊसतोडीच्या रूपात दिसतो. परतूर, मंठा, घनसावंगी भागातल्या तांड्यांवरून आणि गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन निघतो. मागे राहणाऱ्या शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृह असते. सहा वर्षांखालच्यांची सोय त्यात नाही. ती आईबरोबर फडावर जातात आणि त्यांना सांभाळायला पुष्कळदा मोठी बहीण कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) थांबते. तिची शाळा तिथेच थांबते.

सेवाभावी संस्थांना पाळणाघरासाठी मिळणारे सरकारी अनुदानही डळमळीत झाले. २०१७ पासून केंद्र, राज्य आणि संस्था यांचा वाटा ६०:३०:१० असा ठरला. पूर्वी तेवीस हजारांच्या आसपास असलेली या अनुदान योजनेतली पाळणाघरे २०२० पर्यंत सुमारे साडेसहा हजारांवर आली. वेळेवर न येणाऱ्या हप्त्यावर पगार देणे लहान संस्थेला झेपत नाही. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. त्या पाळणाघराची वेळ महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. पण ऊसतोड पहाटे सुरू होते, मोळ्या गाडीत भरेपर्यंत पुष्कळदा रात्र होते.

त्यामुळे आष्टी परिसरात काम करू पाहणाऱ्या संस्थेला दोन ठिकाणांचा आराखडा लागेल: पावसाळ्यात गावात, हंगामात कारखान्याच्या तळावर. सेविका त्याच तांड्यातली, टोळीबरोबर जाणारी असली तर मुलांना तिची ओळख असेल आणि तिलाही फडावर जायला नको. तिचा हंगामभराचा पगार उचलीच्या बरोबरीने, टोळी निघण्यापूर्वी ठरलेला हवा; नाहीतर ती पाळणाघर सोडून कोयताच धरेल.